गद्दी मेंढपाळांची फिरस्ती का आटत चालली आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचलात ट्रेकला गेलेल्या मराठी माणसाला वाटेत कधी ना कधी मेंढरांचा मोठा कळप आडवा येतोच. मग प्रश्न सुरू होतात. हे लोक कोण, येतात कुठून, आणि ‘हे सगळं आता संपत चाललंय’ असं जो तो म्हणतो ते कितपत खरं? हिमालयात असे फिरते पशुपालक समाज बरेच आहेत. इथे मुख्यतः हिमाचलच्या गद्दींबद्दल लिहिलं आहे, कारण सगळ्यांबद्दल थोडं थोडं लिहिलं की कुणाबद्दलच धड काही कळत नाही. बाकीच्यांसाठी पुढे एक प्रश्न राखून ठेवला आहे.

गद्दी म्हणजे नेमके कोण?

चंबा जिल्ह्यातलं भरमौर आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ भाग हा त्यांचा मूळ मुलूख. चंबा संस्थानाची जुनी राजधानी ब्रह्मपूर ती हीच. धौलाधारची रांग ओलांडली की पलीकडे कांगडा. तिथे धर्मशाळा, पालमपूर, बैजनाथच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांतही गद्दी पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

त्यांना सरसकट ‘भटके’ म्हणणं चुकीचं आहे. त्यांना घर आहे, मका-राजम्याची शेती आहे, गावात कुलदैवत आहे. फिरतो तो कळप, आणि त्याच्याबरोबर घरातली एक-दोन माणसं. सगळे गद्दी मेंढपाळ कधीच नव्हते. समाजात ब्राह्मण आहेत, राजपूत आहेत, तसे लोकरीचं काम करणारे सिप्पी आणि शेतावर राबणारे हालीही आहेत. ‘गद्दी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बहुतेक वेळा राजपूत मेंढपाळ, बाकीचे त्या चित्रात दिसत नाहीत.

जुन्या मेंढपाळाचा वेश मात्र बघण्यासारखा. अंगात पांढऱ्या लोकरीचा घोळदार चोला आणि कमरेला काळ्या लोकरीचा लांबलचक दोर, त्याला डोरा म्हणतात. डोऱ्याचे वेढेच्या वेढे कमरेभोवती घट्ट आवळलेले असतात. त्यामुळे चोल्याचा वरचा भाग पोतडीसारखा सुटा राहतो आणि वाटेत व्यायलेल्या मेंढीचं कोकरू त्यात घालून खिंड चढता येते. आज हा वेश लग्नात, जत्रेत आणि पर्यटकांच्या फोटोंत दिसतो. कळपामागे चालणारा माणूस बहुधा जॅकेट आणि रबरी बूट घालूनच असतो.

वर्षभरात कळप कुठून कुठे जातो?

हिवाळ्यात खाली. कांगड्याच्या सखल टेकड्या, नूरपूर, उना, बिलासपूर, पठाणकोटच्या बाजूचा शिवालिकचा पट्टा. एप्रिलच्या सुमारास कळप वर सरकायला लागतो. मे-जूनमध्ये जलसू, इंद्रहार अशा खिंडींतून धौलाधार ओलांडून भरमौरच्या बाजूला उतरतो. काही कळप तिथेच वरच्या कुरणांवर थांबतात. बाकीचे आणखी पुढे, कुगती, कालीछो, चोबिया या पीर पंजालच्या खिंडी चढून लाहौलमध्ये जातात. इंद्रहार ४,३०० मीटरच्या वर आहे आणि कुगती ५,००० मीटरला टेकते. आपण दोर, पोर्टर आणि गाइड घेऊन जातो तिथून हे कोकरं घेऊन जातात.

लाहौलच का? पावसाळी ढग पीर पंजालच्या अलीकडेच रिकामे होतात. पलीकडे हवा कोरडी, गवत आखूड पण कसदार. भर पावसाळ्यात मेंढरांचे खूर चिखलात सडत नाहीत. सप्टेंबर लागला की परतीची वाट. हिवाळ्यात पुन्हा कांगडा.

पूर्वी भरमौरची कुटुंबंच्या कुटुंबं हिवाळ्यात कळपाबरोबर खाली उतरायची. आता कुटुंब बसने चंबा-पठाणकोटमार्गे येतं, किंवा येतच नाही.

फिरस्ती खरंच कमी झाली आहे का? आकडे काय सांगतात?

आकडे थोडे फसवे आहेत. २०१९ च्या पशुगणनेत हिमाचलात मेंढ्या आठ लाखांच्या आसपास आणि शेळ्या अकरा लाखांच्या आसपास होत्या. २०१२ च्या मानाने हा फार मोठा फरक नाही. पण हा आकडा सबंध राज्याचा. घरामागे खुंट्याला बांधलेल्या चार शेळ्याही त्यात आल्या.

गावागावांत घटली आहेत ती कळप पाठवणारी घरं. चार-पाच घरांची जनावरं एकत्र करायची, त्यातला एकजण म्होरक्या आणि सोबतीला मजुरीवरचा मेंढपाळ, म्हणजे पुहाल, अशी जुनी पद्धत. पुहालाला रोख पैसे, जेवण, कपडे, कधी काही जनावरं मिळायची, आणि काही वर्षांत त्याचा स्वतःचा छोटा कळप उभा राहायचा. ही शिडी आता मोडली आहे. पुहाल मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. म्हातारे वडील आणि एक पगारी माणूस यांच्या जिवावर चाललेले कळप पुष्कळ. वडिलांचे गुडघे गेले की कळप विकला जातो.

म्हणजे नव्या पिढीला नको आहे, एवढंच ना?

एवढंच नाही. पण तेही आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. आठ महिने उघड्यावर झोपणं, पावसात ओल्या लाकडांवर चूल पेटवणं, अस्वल आणि बिबट्याची राखण, आणि आता रात्री गाडी लावून जनावरं पळवणारे चोर. ज्या मुलाने धर्मशाळेच्या कॉलेजात पदवी घेतली त्याला सैन्यात, पोलिसात, शाळेत नोकरी हवी असेल तर त्यात चूक काय? लग्नाचाही मुद्दा आहे. मेंढरांमागे जाणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. आपल्याकडे शेतकरी मुलांचं जे झालंय तेच.

धर्मशाळा-मॅक्लिओडगंजच्या वरची नड्डी, धरमकोट ही गद्दी गावं आज होमस्टे, टॅक्सी आणि कॅफे यांवर चालतात. ट्रियुंडच्या माळावर चहा-मॅगी विकणारा माणूस बऱ्याचदा गद्दीच. वडिलांनी ज्या कुरणावर मेंढ्या चारल्या तिथे मुलगा तंबू भाड्याने देतो. मला यात काही केविलवाणं दिसत नाही. हिशेब करूनच घेतलेला निर्णय आहे तो.

मग खरी अडचण कुठे आहे?

खाली, हिवाळ्यातल्या चराईत.

आपल्याला वाटतं अडचण वर असणार, बर्फात, खिंडीत. वरचं गवत मात्र अजून बऱ्यापैकी पुरतं. पण ते चार महिन्यांचं. ज्या कळपाला डिसेंबर ते मार्च पोट भरायला जागा नाही त्याला लाहौलचं कुरण काय कामाचं? आणि हिवाळ्याची जागा चहूबाजूंनी आवळत गेली आहे.

पहिलं म्हणजे गावांच्या मोकळ्या जमिनी बांधकामाखाली, बागांखाली गेल्या किंवा त्यांना कुंपण पडलं. दुसरं, वनखात्याची लागवड. लागवड केली की तो तुकडा काही वर्षं चराईला बंद. एक उघडतो तोवर शेजारचे दोन बंद होतात. आणि लावली कसली झाडं? कित्येक ठिकाणी चीड (म्हणजे पाइन), निलगिरी. चीडच्या सुयांखाली गवत उगवत नाही आणि निलगिरीचा पाला मेंढी तोंडात धरत नाही. तिसरं, घाणेरी. आपल्या सह्याद्रीत जिने उच्छाद मांडलाय तीच रंगीत फुलांची घाणेरी कांगड्याच्या टेकड्यांवर माजली आहे. तिथे तिला फुलणू म्हणतात. जनावर ती खात नाही, चुकून खाल्लीच तर आजारी पडतं, आणि तिच्या जाळीखाली दुसरं काही वाढत नाही.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते. पूर्वी कांगड्याचा शेतकरी गद्द्याची वाट बघायचा. पीक निघालं की कळप रात्री शेतात बसवायचा, खत मिळायचं, बदल्यात मेंढपाळाला धान्य. आता युरियाची गोणी बाजारात मिळते, शेतात वर्षभर काही ना काही उभं असतं, आणि कळप दिसला की शेतकरी काठी घेऊन धावतो. पाहुणा होता तो घुसखोर झाला.

चराईचे परवाने असतात ना? मग प्रश्न काय?

असतात, आणि परवान्यांची ही पद्धत जुनी आहे. चंब्याच्या राजांकडूनही कुरणांचे पट्टे मिळायचे आणि चराईचा कर भरावा लागायचा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कांगड्याची जमीन मोजणी केली, जंगलं राखीव केली, १८७८ चा आणि मग १९२७ चा वन कायदा आला. जंगल सरकारचं आणि चराई ही ‘सवलत’ ही भाषा तेव्हाची. सवलत काढूनही घेता येते.

१९७० च्या दशकात हिमाचल सरकारने परवाने गोठवले. ज्याच्या नावावर जितकी जनावरं तितकीच, नव्याला जागा नाही. आता गंमत बघा. परवाना आजोबांच्या नावावर आणि कळप नातवाचा, किंवा परवाना ज्याचा त्याने कधीच मेंढ्या विकल्या आणि तो कागद भाड्याने दुसऱ्याकडे. वाटेतल्या जंगलात एका मुक्कामावर एकच रात्र, असले नियम. मेंढी व्यायली, धो धो पाऊस आला, पूल वाहून गेला, तरी एकच रात्र. मग गार्डाशी ‘समजून घेणं’ आलं. त्याचा दर कुठल्या कागदावर नसतो.

वनहक्क कायद्याने हे सुटायला हवं होतं ना?

कागदावर हो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात चराईचा हक्क आहे आणि फिरत्या पशुपालकांना हंगामी वापराचा हक्क आहे, तोही स्पष्ट शब्दांत. पण दावा करायचा ग्रामसभेकडे. ज्याचं उन्हाळ्यातलं कुरण लाहौलमध्ये, घर भरमौरला आणि हिवाळ्याची चराई उन्यात, त्याने कुठल्या ग्रामसभेपुढे उभं राहायचं? हिमाचलात या कायद्याची अंमलबजावणी फार रेंगाळली. जम्मू-काश्मीरला तर तो २०१९ नंतर लागू झाला.

मेंढ्यांमुळे कुरणं उजाड होतात. चराईबंदी योग्यच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उत्तराखंडमधली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहिलेली असते, तेव्हा तिचंच उदाहरण घेऊ. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि भ्यूंडार खोऱ्यातल्या मेंढपाळांना चराई बंद झाली. नंतरच्या काळात तिथे पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती पसरत गेली, इतकी की उद्यानाला ती माणसं लावून उपटावी लागते. जनावरं तिला तुडवून आणि खाऊन आटोक्यात ठेवत होती, असं बऱ्याच अभ्यासकांचं आणि गावकऱ्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण ‘जनावर हटवलं की फुलं वाढतात’ इतकं ते सरळ नक्कीच नाही.

जास्त चराईने नुकसान होत नाही असं नाही. एकाच जागी दिवसेंदिवस कळप बसला तर माती उघडी पडतेच. फिरस्तीत तेच टळतं. कळप गवत संपायच्या आत पुढे जातो. वाटा बंद करायच्या, उरलेल्या तुकड्यावर सगळ्यांना कोंबायचं, आणि मग तो तुकडा उजाड झाला म्हणून मेंढपाळाला दोष द्यायचा, हे बरं नव्हे.

लोकरीला भाव नाही म्हणतात, ते का?

गद्दी मेंढीची लोकर जाडीभरडी. पट्टू (जाड लोकरी चादर), चोला, घोंगडी, डोरा यांसाठी उत्तम, अंगालगतच्या स्वेटरसाठी नाही. लुधियानाचं ॲक्रिलिक आलं, बाहेरून मऊ मेरिनो आली. कुल्लूची शाल म्हणून आपण जी आणतो तिच्यात कित्येकदा बाहेरदेशची लोकर किंवा ॲक्रिलिक असतं. राज्याचा लोकर महासंघ खरेदी करतो, पण मिळणारा पैसा आणि कातरणाऱ्यांची मजुरी यांचं गणित बसत नाही. आज कळप चालतो तो मांसासाठी जनावरं विकून. मांसाला मागणी चांगली आहे. म्हणूनच जे टिकलेत ते तोट्यात आहेत असं समजू नका. मोठ्या कळपाचा मालक एखाद्या कारकुनापेक्षा जास्त कमावतो. त्याला माणूस आणि जागा मिळत नाही, हे त्याचं दुखणं.

देवधर्मावर काय परिणाम झाला?

गद्दींचा शंकर स्वतःच फिरस्ता आहे. उन्हाळ्यात त्याचा मुक्काम मणिमहेश कैलासावर आणि थंडी पडली की तोही खाली उतरतो, अशी श्रद्धा. कुगती गावावरचं कार्तिकस्वामींचं देऊळ नोव्हेंबरअखेर बंद होतं ते थेट बैसाखीला उघडतं. बंद करताना गाभाऱ्यात पाण्याने भरलेला घडा ठेवतात आणि उघडल्यावर त्यात किती पाणी उरलं यावरून वर्ष कसं जाईल ते ठरवतात. देव, माणूस आणि मेंढरू एकाच वेळापत्रकावर चालत होते.

त्यातला मेंढरांचा भाग गळतोय, देवाचा नाही. मणिमहेशची यात्रा उलट फुगली आहे. पंजाब, जम्मूहून लोक येतात, लंगर लागतात, हेलिकॉप्टर उडतात. ‘नुआला’ म्हणजे घरी रात्रभर चालणारी शंकराची पूजा. लोकरीच्या माळा टांगून, गाणी म्हणत ती जागवायची आणि मेंढ्याचा बळी द्यायचा. नुआला अजून होतो, शहरात स्थायिक झालेलेही करतात, फक्त मेंढा विकत आणावा लागतो. गाणारे मिळणं मात्र अवघड होत चाललंय. ती गाणी गद्दी बोलीत आहेत आणि मुलं घरात हिंदी बोलतात. खिंडीच्या माथ्यावर बकरं देऊन मग कळप पुढे न्यायची रीत, कुठल्या दगडावर मीठ टाकायचं, कुठल्या नाल्यात विषारी गवत असतं याची माहिती हे सगळं चालता चालताच शिकायचं असतं.

बायकांचं काय?

कळप बाहेर असताना घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं त्यांच्यावर. लोकर पिंजणं आणि सूत काढणं त्यांचं, विणकाम बहुतेक पुरुषांचं. फिरस्ती थांबल्याने नवरा घरी राहायला लागला, मुली शाळेत गेल्या, हा फायदा खरा आहे. दुसरी बाजू अशी की लोकरीच्या कामामुळे घरच्या अर्थकारणात त्यांचा जो वाटा होता तो गेला, आणि आता कमाई म्हणजे नवऱ्याचा पगार. हे गद्दी समाजावर काम करणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवलंय आणि मला ते पटतं.

अनुसूचित जमातीचा दर्जा आहे ना?

आहे. चंब्याच्या भागातल्या गद्दींना आधीपासून. कांगड्याकडच्यांना मात्र २००२ च्या दुरुस्तीनंतर. एका डोंगराच्या दोन बाजूंना राहणाऱ्या चुलत भावांपैकी एकाला दाखला आणि दुसऱ्याला नाही, असं कित्येक वर्षं चाललं. गंमत अशी की ज्या मेंढपाळीच्या ओळखीवर दर्जा मागितला त्याच दर्जामुळे मिळालेल्या नोकऱ्यांनी माणसं मेंढपाळीतून बाहेर काढली. हाली, सिप्पी यांच्यासारख्यांचा हिशेब वेगळाच. हिमाचलात ते अनुसूचित जातीत मोडतात, आणि ‘आम्हीही गद्दीच’ हे त्यांचं म्हणणं समाजातल्याच वरच्यांच्या गळी उतरत नाही.

हवामान बदलाचा वाटा किती?

आहे, पण सगळं त्याच्या माथी मारणं सोयीचं असतं म्हणून मारलं जातं. अवेळी बर्फ पडून खिंडीत अडकणं, ढगफुटीत वाट वाहून जाणं, वीज पडून एका फटक्यात डझनावारी जनावरं मरणं, हे सगळं घडतं. मात्र वाट मोकळी आणि मुक्काम लवचीक असतील तर फिरस्ता बदलत्या हवामानाला शेतकऱ्यापेक्षा लवकर जुळवून घेतो. तारखा आणि वाट बांधून दिल्यामुळेच तो अडकतो.

हिमालयातल्या बाकीच्या पशुपालकांचं काय चाललंय?

थोडक्यात सांगतो. उत्तराखंडच्या भोटियांची फिरस्ती तिबेटच्या व्यापाराशी बांधलेली होती. १९६२ च्या युद्धाने सीमा बंद झाली आणि जोहार खोऱ्यातलं मिलम, कधीकाळचं गजबजलेलं व्यापारी गाव, ओसाड पडलं. वन गुज्जर म्हशी पाळतात. राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून त्यांच्यापैकी पुष्कळांना उठवून हरिद्वारजवळ वसवलं. जम्मू-काश्मीरचे बकरवाल अजून मोठ्या संख्येने फिरतात, पण काही कळप आता ट्रकमधून जातात आणि १९९० नंतर सीमेलगतची बरीच कुरणं त्यांना बंद झाली. लडाखचे चांगपा पश्मिना देतात. त्यांच्यातल्या खारनाकच्या लोकांनी तर लेहजवळ खारनाकलिंग अशी वस्तीच केली आहे. पूर्व लडाखमध्ये २०२० नंतर सीमेवरची चराई आणखी आखडली. प्रत्येकाचं कारण निराळं आहे, म्हणून ‘हिमालयातली पशुपालक संस्कृती’ असा एकच गठ्ठा बांधू नये.

आपल्या धनगरांसारखंच नाही का हे?

बरंच. दिवाळीनंतर फलटण-माणकडून कोकणाकडे उतरणारा वाडा (म्हणजे धनगरांचा फिरता तळ), शेतात मेंढ्या बसवून मिळणारं धान्य, घोंगडीचा पडलेला धंदा, वनखात्याशी चाललेली ओढाताण, सगळं ओळखीचं. फरक उंचीचा, आणि कुटुंबाचा. धनगराच्या वाड्यात बायकामुलं आणि कोंबड्याही घोड्यावर असतात. गद्द्याच्या कळपाबरोबर आता फक्त पुरुष दिसतात. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातीत नाही, ही तुलना तिकडच्या लोकांनाही ठाऊक असते आणि ते आवर्जून विचारतात.

ट्रेकवर कळप भेटला तर काय करावं?

वाट सोडा, पण दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभे राहा, नाहीतर मेंढरांच्या रेट्याने तुम्हीच खाली जाल. कळपाच्या मधून चालू नका. गद्दी कुत्रा पाळीव दिसला तरी राखणीवर असतो, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असेल तर तो बिबट्यासाठी आहे. त्याला बिस्किटं टाकू नका, मेंढपाळाने हाक मारेपर्यंत जागेवर थांबा. फोटो विचारून काढा. त्यांच्या मुक्कामाच्या सपाट जागेवर तंबू ठोकू नका. ती रिकामी दिसते, पण संध्याकाळी तिथे कळप येणार असतो आणि रात्रीसाठी दुसरी जागा जवळपास नसते. चहा दिला तर घ्या. काही द्यावंसं वाटलं तर पैशांपेक्षा ताप-दुखीच्या गोळ्या, बँडेज, टॉर्चचे सेल द्या. गावात परत आल्यावर लोकर घ्यायची असेल तर मॉल रोडवरच्या शालीऐवजी भरमौरला हातमागाचा पट्टू मागा. टोचतो, जड असतो, आणि नीट वापरला तर तुमच्यापेक्षा जास्त टिकतो.